आधी चूल, मग छप्पर

जुन्या घरात स्वच्छ ऊर्जा आणायची म्हटलं की शहरातली स्लॅबची गच्ची, तिच्यावरची सोलर पॅनलं आणि शून्यावर आलेलं वीजबिल डोळ्यांपुढे येतं. जव्हार तालुक्यातल्या वांगणीचं नाव या चर्चेत कुणी घेत नाही. 1992-93 च्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी वावर-वांगणी ही गावं महाराष्ट्राला ठाऊक झाली, पण तिथल्या घरातल्या चुलीपर्यंत आपली नजर पोचली नाही. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप, वर कौलं आणि आत धुमसणारी चूल, अशा घरांना स्वच्छ ऊर्जेची घाई नाही असं सांगणारे चार युक्तिवाद नेहमी पुढे येतात. त्यांतला एकही टिकत नाही.

पहिला युक्तिवाद असा : लाकूड फुकट मिळतं, मग खर्च कशाला? फुकट कुणाला? डोक्यावर मोळी वाहणारी बाई त्याची किंमत रोज मोजते. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, म्हणजे तिच्या मोळीतला बहुतेक भाग वायाच जातो. वर धूर पदरात पडतो तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या धुरामुळे जगभर सुमारे 32 लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून अधिक बालकं होती. धुराने लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो, गर्भवतीच्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. ज्या गावाने कुपोषणाने मुलं गमावली, तिथे या धुराकडे काणाडोळा करणं अक्षम्य आहे.

दुसरा युक्तिवाद घरातलीच माणसं करतात आणि तो आदराने ऐकला पाहिजे : धुरामुळे माळ्यावरचं बियाणं कोरडं राहतं, कुडाला कीड लागत नाही, पावसाळ्यातली ओल हटते. हे खरं आहे. पण बियाण्याला हवी असते ती ऊब, आणि धुराड्याचं नळकांडं माळ्यातून वर नेलं तर ती मिळतेच. किडीसाठी लागणारी धुरी पोरंबाळं बाहेर असताना देता येते. भाकरी भाजणाऱ्या बाईच्या छातीत रोज धूर भरण्याची गरज यातून सिद्ध होत नाही.

तिसरा युक्तिवाद : 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस मिळाला, प्रश्न संपला. जोडणी मिळाली म्हणून चूल विझत नाही. ती पुढच्या सिलिंडरच्या पैशांवर ठरते. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात ती घरी असतात तेव्हा हाती पैसा नसतो आणि लाकूड ओलं असतं. गॅसची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हाच असते. पाच किलोचा छोटा सिलिंडर योजनेत आहे. तो पाड्यापर्यंत पोचवा आणि जोडीला कमी लाकडात भागणारी धुराड्याची चूल द्या.

चौथा युक्तिवाद : आधी पक्कं घर, मग सोलर. केंद्राची 2024 ची सूर्यघर योजना तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान देते, पण ती मजबूत छप्पर गृहीत धरते. शिवाय ग्रीडला जोडलेली बिनबॅटरीची यंत्रणा वीज गेली की बंद पडते. पावसाळी वाऱ्यात तारा तुटल्या की तिचा उपयोग शून्य. मात्र कुडाच्या घराची गरज किती? नऊ वॅटचे तीन एलईडी आणि तीस वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा मिळून 57 वॅट होतात, म्हणजे जुन्या साठ वॅटच्या एका बल्बपेक्षाही कमी. अंगणातल्या खांबावरचं छोटं पॅनल आणि बॅटरी यांवर एवढं बहुतेक दिवस भागतं. ढगाळ दिवसांत आधाराला महावितरणची वीज असेल. यासाठी पक्क्या घराची वाट पाहायला लावणं म्हणजे आजच्या पिढीला अंधारात बसवणं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. जुनं घर पाडायला नको, फक्त क्रम बदलायला हवा : आधी चूल, मग विजेचा वापर कमी करणं, त्यानंतर पॅनल. गिरगावातल्या चाळीतल्या खोलीलाही हाच क्रम लागू पडतो. 75 वॅटचा पंखा तसाच ठेवून मोठं पॅनल घेणं हा पैशांचा अपव्यय आहे. वांगणीसारख्या गावात मोठी पॅनलं अंगणवाडी, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र यांच्या स्लॅबवर शोभतील. तिथे लस थंड राहील आणि मुलं दिव्याखाली वाचतील. त्यासोबत गावातल्याच दोन-चार तरुण-तरुणींना दुरुस्ती शिकवली पाहिजे, नाहीतर बॅटरी संपल्यावर पॅनलची नुसती काच उरते.

पैसा कुठून आणायचा, हे विचारणाऱ्यांना उत्तर आहे. जव्हार आणि शेजारचा मोखाडा हे तालुके पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, क्षेत्रात येतात. तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याच्या खर्चाचा आराखडा ग्रामसभेच्या संमतीने ठरतो. त्या ग्रामसभेत पहिला ठराव धुराविरुद्ध व्हावा आणि तो बायांनी मांडावा. शासनानेही सोलरचं अनुदान ठरवताना गच्ची नसलेल्या घराचा हिशोब आधी करावा.