मागायला नाही, घ्यायला आले होते

गेल्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. बीडमधल्या एका मोठ्या कंपनीच्या कपड्याच्या दुकानात (आपल्याकडे अशा दुकानाला सरसकट ‘मॉल’च म्हणतात) मी मुलीचे ईदचे कपडे हातात घेऊन बिलाच्या रांगेत उभा होतो. दाराशी आवाज वाढला. वॉचमन एका वयस्कर तृतीयपंथी बाईंना अडवत होता. “मांगने का नै इधर.” त्या म्हणाल्या, “मांगने नै आई बेटा, लेने आई.” पर्स उघडून त्यांनी नोटाही दाखवल्या. वॉचमनने आत मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने मान हलवली. बाई मागे फिरल्या.

मी त्यांना ओळखत होतो. तरीही मी रांगेतून हललो नाही. हे संपादकीय त्या दिवशी न बोललेल्या शब्दांचं आहे.

कारंजा, बशीरगंज, बलभीम चौक या जुन्या बाजारपट्ट्यात आमचं कापडाचं लहान दुकान होतं. ठराविक दिवशी या बाई आपल्या चेल्यांसोबत बाजार मागायला यायच्या. आम्ही मुलं त्यांना ‘खाला’ म्हणायचो. अब्बा गल्ल्यातून पैसे द्यायचे. त्या त्यातलंच एक नाणं दुआ करून परत द्यायच्या आणि ते नाणं वर्षभर गल्ल्यात राहायचं, बरकतीचं म्हणून. कुणाच्या घरी लेकरू झालं, कुणाचं लग्न ठरलं, हे खालांना आमच्या आधी कळायचं. त्या बसायच्या मात्र ओट्यावर, गादीवर नाही. त्यांच्या मागे शेजारचे दुकानदार टाळी वाजवून नक्कल करायचे. तेव्हा मीही हसलो आहे.

म्हणून जुन्या बाजाराच्या आठवणीत मला फार रमायचं नाही. तिथे खालांना जागा होती, पण बरोबरीची नव्हती. आणि काही टोळ्या दुकानदारांना दमदाटी करून पैसे काढतात, हेही खोटं नाही. पण जागा होती, ही गोष्ट लहान नाही. आपला बाजार ओळखीवर चालायचा. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन निघायचं आणि लग्नसराईला परत आल्यावर आमची उधारी फेडायचं. वहीत फक्त नाव आणि गाव लिहिलेलं असायचं. ज्या बाजारात ओळख हेच भांडवल होतं, तिथे खालांचीही ओळख होती.

आता मोठ्या रस्त्यांवर काचेची दुकानं आली. भाव ठरलेला, बिल पक्कं, उधारी नाही. गिऱ्हाइकाला हे आवडतं, मलाही आवडतं. बुरख्यातली बाई तिथे कुणाचे टोमणे न ऐकता तासभर कपडे पाहू शकते. मुलींच्या कपड्यांकडे ओढ असलेला एखादा मुलगा तिथे काही न बोलता कुर्ती घेऊन पैसे देऊन निघून जाऊ शकतो. आमच्या दुकानात त्याला ते जमलं नसतं. नव्या दुकानात कुणी कुणाला ओळखत नाही, आणि काहींसाठी तेच मोकळेपण असतं. पण ज्याचं वेगळेपण दारातच दिसतं, त्याला हे मोकळेपण मिळत नाही. त्याला वॉचमन पाहतो.

बाजार आणि कायदा यांची अदलाबदल कशी झाली पाहा. हैदराबाद संस्थानात १९१९ साली एक कायदा झाला. त्याने हिजड्यांची नावं नोंदवहीत चढवायला लावली. बायकांच्या वेशात किंवा नाचगाण्यात सापडले तर त्यांना वॉरंटशिवाय अटक करता येत होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड याच संस्थानात होतं. तेलंगणात तो कायदा पुढेही कागदावर राहिला आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे ज्या काळात कायदा खालांच्या आधीच्या पिढ्यांना गुन्हेगार समजत होता, त्या काळात बाजार त्यांना गल्ल्यातलं नाणं देत होता.

आज उलट आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने नोकरी, घर, दवाखाना आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या वस्तू व सेवा यांत त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई केली. इतरांना खुल्या असलेल्या सार्वजनिक जागी त्यांना जाऊ न देणं हा गुन्हा ठरवला, सहा महिने ते दोन वर्षं शिक्षेचा. कायदा बाजूने आला आणि बाजाराने दार लावलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ लोकांची नोंद स्त्री-पुरुषांऐवजी ‘इतर’ या रकान्यात झाली. यातल्या किती जणांना दुकानाच्या दारातला आपला हक्क माहीत असेल? आणि किती वॉचमनना?

हा पेच एकट्या बीडचा नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात कॅस्ट्रो नावाची वस्ती आहे. पूर्वी ती आयरिश कामगारांची होती, पुढे समलिंगी लोकांची म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. हार्वी मिल्कने १९७३ मध्ये तिथे कॅमेऱ्याचं छोटं दुकान उघडलं. त्याच दुकानातून त्याने व्यापाऱ्यांची संघटना बांधली आणि १९७७ मध्ये तो शहराच्या मंडळावर निवडून आला. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. त्या चळवळीची बैठक म्हणजे दुकानाचा गल्ला होता. पुढे मोठ्या कंपन्यांची एकसारखी दुकानं येऊ लागली, तेव्हा २००६ मध्ये शहराच्या मतदारांनी नियम केला: वस्तीच्या बाजारात असं दुकान काढायचं तर आधी जाहीर सुनावणी. त्याने दुकानांना काही प्रमाणात आळा बसला. घरभाडं मात्र वाढतच गेलं आणि ज्यांना ते परवडेना ते वस्ती सोडून गेले.

समलिंगी आणि तृतीयपंथी एकच नव्हेत, आणि बीडमध्ये कॅस्ट्रोसारखी वस्तीही नाही. पण त्यातला धडा आपल्याही कामाचा आहे. दुकान लहान ठेवल्याने माणूस टिकत नाही, माणसाला हक्क लागतो. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना नोकरी दिली. देशभर कौतुक झालं. पण काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडलं, कारण कुणी त्यांना घर भाड्याने देईना. भाड्याचं घर नाकारलं जाणं म्हणजे काय, हे मुसलमानांना वेगळं सांगायला नको. मोठ्या शहरांत नाव ऐकून दार लागतं, याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांच्या गाठीशी आहे. मग आपल्या मोहल्ल्यात खालांच्या एखाद्या चेलीला आपण खोली देतो का?

म्हणून मागण्या साध्या आहेत. बीड, अंबाजोगाई, परळी, गेवराई, जिथे कुठे मोठी दुकानं आहेत, तिथल्या व्यवस्थापनाने वॉचमनला लेखी सूचना द्यावी की गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कुणालाही वेशावरून अडवायचं नाही. चूक त्या गरीब वॉचमनची नाही, त्याला सांगणाऱ्यांची आहे. आणि त्याच दुकानांनी आपल्या काउंटरवर तृतीयपंथीयांना कामावर घ्यावं. जुन्या बाजारातल्या माझ्या व्यापारी भावांना सांगणं वेगळं आहे. नाणं देणं सोपं असतं. हिशेबाला, शिलाईला, विक्रीला एखाद्या चेलीला बसवा. आपल्या वहीत तिच्या नावाचं पान उघडा. घरमालकांनी खोली द्यावी. रमजानमध्ये जकात काढताना मागणाऱ्यांचा विचार आपण करतो, काम शोधणाऱ्यांचाही करू या.

ईदनंतर मी खालांकडे गेलो. माफी मागितली. त्या हसल्या, चहा ठेवायला सांगितलं. म्हणाल्या, कपडे जुन्या बाजारातून घेतले. मग थोडं थांबून म्हणाल्या, “तेरे अब्बा होते तो बोलते.” मला माहीत नाही अब्बा बोलले असते का. त्यांनीही खालांना कधी गादीवर बसवलं नव्हतं. पण पुढच्या ईदला खालांसोबत त्याच दुकानात जायचं आम्ही ठरवलं आहे. वाचकांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. मागायला नाही, घ्यायला.