रिटर्न भरले, पण ग्राह्यच नाही! आधार-पॅनच्या घोळात अडकतोय गावाकडचा रिफंड

ऊसतोड मुकादम असो, ठेकेदार असो की मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवणारे निवृत्त शिक्षक, कापलेला टीडीएस परत मिळवायचा तर आयकर रिटर्न भरावेच लागते. तालुक्याच्या गावी सेंटरवर जाऊन लोक ते भरतातही. पावती मिळते, माणूस निर्धास्त होतो. पैसे मात्र येत नाहीत. कारण बहुतेक वेळा हिशेबात नसते, ओळखीच्या पडताळणीत असते.

३० दिवसांचा नियम

रिटर्न 'सबमिट' केले म्हणजे काम झाले असे नाही. ३० दिवसांत त्याची पडताळणी व्हावी लागते, नाहीतर ते अवैध ठरते. ऑगस्ट २०२२ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. सर्वात सोपा मार्ग आधार ओटीपीचा, आणि गाडी तिथेच अडते. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो, नाहीतर तो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा असतो. त्यात सेंटरवाला पोर्टलवर स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकून ठेवतो. मग विभागाचा मेसेज त्याच्याकडे जातो, करदात्याला पत्ताच नसतो.

पॅन बंद, तर दणका मोठा

पॅन-आधार जोडणीची मुदत ३० जून २०२३ ला संपली. ज्यांची जोडणी राहिली त्यांचे पॅन निष्क्रिय झाले. अशा पॅनवर रिफंड मिळत नाही, वर टीडीएसही जादा दराने कापला जातो. एक लाखाच्या ठेक्यावर १ टक्क्याने हजार रुपये कापले जायचे, तिथे २० टक्क्यांनी थेट २० हजार जातात. १,००० रुपये शुल्क भरून जोडणी करता येते, पण दोन्हीकडे नाव जुळले तरच. एका कागदावर 'बाळू', दुसऱ्यावर 'बाळासाहेब'. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे. घोडे अडते ते इथे.

आता करायचे काय?

- आधी कोणता कागद चुकीचा आहे ते शाळेच्या दाखल्यावरून ठरवा. आधारवर नाव दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. पॅनवर चूक असेल तर पॅनच दुरुस्त करा.
- आधारचा मोबाईल नंबर आधार केंद्रावर किंवा पोस्टमनकडून बदलून घ्या.
- ओटीपी येतच नसेल तर नेट बँकिंगने पडताळणी करा. तेही नसेल तर आयटीआर-व्ही पावतीवर सही करून ती स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या केंद्राला पाठवा.
- मुदत टळली असेल तर पोर्टलवर विलंब माफीचा अर्ज करा. उशिरा पडताळणी केली तर तीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते आणि विलंब शुल्क लागू शकते.
- रिफंडचे खाते पोर्टलवर 'व्हॅलिडेट' आहे का आणि खात्यावरचे नाव पॅनप्रमाणेच आहे का, ते बघा.

आयकरची हेल्पलाईन १८०० १०३ ००२५ आणि आधारची १९४७.

एक माणूस, एक नाव, एक नंबर असे ही व्यवस्था धरून चालते. गावात नंबर घरात मिळून एक असतो आणि नाव प्रत्येक कागदावर वेगळे. हे जुळवायचा भार करदात्यावरच पडतो. म्हणून सेंटरवरून उठण्याआधी एकच विचारा, "पडताळणी झाली का? दाखवा." आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा.