काकू, आम्ही सातजण येतोय!

लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या ऑफिसात एकच खेळ सुरू होतो. कुणीतरी दिवेआगर नाहीतर तारकर्लीचं एखादं घर शोधतो, ग्रुपवर फोटो टाकतो, सगळे अंगठे दाखवतात आणि बुकिंग होऊनही जातं. ज्याचं घर आहे त्याच्याशी एक शब्दही न बोलता!

ही आपल्या आयटीवाल्यांची खोड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रिक्वेस्ट पाठवली, २०० ओके आलं, विषय संपला. पण पलीकडे सर्व्हर नसतो हो! कोकणात बहुतेक वेळा एक काकू असतात, आणि त्या सकाळी बाजारात जाऊन माणशी हिशोबाने सुरमई घेणार असतात. चौघं सांगून सातजण उतरलात तर त्यांनी काय करावं? आणि त्यातले दोघं शाकाहारी आहेत हे रात्री आठला सांगितलं तर? (वर "उकडीचे मोदक मिळतील ना?" हे आहेच.)

"रिव्ह्यू वाचले की सगळं कळतं" हा दुसरा गोड गैरसमज. रिव्ह्यू लिहिणारा पंचविशीतला असेल, तर जिना किती उभा आहे हे त्याच्या लक्षातसुद्धा येत नाही. तुमच्या आईचे गुडघे त्याला माहीत नसतात. आईबाबांना नेणार असाल तर नेमकं विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? लाइट गेले तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? गाडी दारापर्यंत येते, की वाडीतून सामान वाहायचं? "सगळ्या सोयी आहेत ना?" असं मोघम विचारलंत तर उत्तर "हो" असंच येणार. कोण नाही म्हणेल?

सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे लग्न न झालेल्या जोडप्यांचा. प्रौढ स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहू नये असा कुठलाही कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. पण रात्री दहाला, हातात बॅगा घेऊन, अनोळखी गावातल्या अंगणात हा निकाल ऐकवून खोली मिळेल असं मला तरी वाटत नाही. आधी सरळ विचारायचं. नकार आला तर राग येईल, येऊ दे. निदान दुसरं घर शोधायला वेळ तरी हातात राहतो.

आणि ठरेल ते लेखी ठेवा. एअरबीएनबीसारख्या ठिकाणी बुकिंग असेल तर तिथल्याच मेसेजमध्ये बोला. कुणी "ते कॅन्सल करा, मला थेट पाठवा, स्वस्तात देतो" म्हणालं तर नको म्हणा. बाहेर दिलेल्या पैशांना त्यांचं संरक्षण नसतं. कोकणातली बरीच घरं ॲपवर नसतातच, तिथे फोनच करावा लागतो. मग फोन ठेवल्यावर तारीख, माणसं, दर, जेवण आणि ॲडव्हान्स एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं आणि त्यावर "हो" घ्यायचं. आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

फक्त दुपारी दोन ते चार फोन करू नका. काका झोपलेले असतात.