बॅटरी : पेढीवरील एक दुर्लक्षित जोखीम

स्मरणिकेसाठी लेख मागविण्यात आले, तेव्हा वस्तू व सेवा कर अथवा कडधान्यांचे भाव यांवर लिहावे असे काही स्नेह्यांनी सुचविले. त्या विषयांचे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. मी मोटारीच्या बॅटरीविषयी लिहीत आहे. विषय विजोड वाटेल खरा. परंतु पांडेसऱ्यातील आपल्या पेढ्यांकडे पाहावे. धुळे-नवापूर मार्गाने येणारी मालमोटार, गल्लीत माल पोचविणारा टेम्पो, दारातील मोटार आणि वीज गेली तर काट्यासाठी ठेवलेला इन्व्हर्टर, या सर्वांच्या पोटात बॅटरी आहे. आणि ही बॅटरी उचलण्याचे, सोडविण्याचे, तिच्यात पाणी घालण्याचे काम आपण अशा माणसाकडे सोपवितो, की ज्याला तिच्या आत काय आहे हे कोणीही सांगितलेले नसते. हे मला गैर वाटते.

आत आहे गंधकाम्ल. वजनाने साधारण एक तृतीयांशाहून थोडे अधिक, बाकी पाणी. त्यात शिशाच्या पट्ट्या बुडालेल्या असतात. 1859 साली प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही युक्ती शोधली व मूळ तत्त्व आजही तेच आहे. आम्लाचा थेंब तागाच्या पोत्यावर पडला तर पोते त्या जागी कुजते, सुती धोतरास काही वेळाने भोक पडते, आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

आपल्या धंद्यातील एक विशेष धोका येथे सांगितला पाहिजे. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 50 ते 60 किलो भरते. आपला हमाल 50 किलोचे कट्टे दिवसभर पाठीवर वाहतो. तो सवयीने बॅटरीही पाठीवर घेतो. ती किंचित कलली की झाकणातून पाझरणारे आम्ल त्याच्या पाठीवरून खाली उतरते. बॅटरी दोघांनी मिळून, सरळ, हातांत धरूनच न्यावी. हमालीचे चार पैसे वाचविण्यासाठी एकट्याला लावू नये. धान्याच्या थप्पीला टेकवून तर ती कधीही ठेवू नये.

दुसरा धोका डोळ्यांस दिसत नाही. बॅटरी भारित होत असता, विशेषतः अखेरीस, तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शेकडा 4 इतका जरी मिसळला, तरी एका ठिणगीने पेट घेतो. अनेक पेढ्यांवर इन्व्हर्टर बंद कपाटात ठेवलेला असतो आणि वरच देव्हाऱ्यात दिवा व उदबत्ती. हा वायू हलका असल्यामुळे वरच जातो. कपाटास जाळीचे दार करून घ्यावे किंवा बॅटरी वारा खेळेल अशा जागी हलवावी. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. माझ्या ओळखीच्या एका वखारीत टेम्पोचालकाने बॅटरीतील पाणी पाहण्यासाठी रात्री काडी ओढली. झाकण उडाले, चष्मा होता म्हणून डोळे बचावले, गाल मात्र भाजला. त्याच्याजवळ मोबाईल होता व मोबाईलला दिवाही होता!

बॅटरी सोडविताना ऋण टोकाची, म्हणजे बहुधा काळी, तार प्रथम काढावी व जोडताना ती शेवटी लावावी. आजच्या बहुतेक गाड्यांचा सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. धन टोकाचा नट आधी सैल करू लागलो आणि पाना सांगाड्यास टेकला, तर मोठी ठिणगी उडते. आणि हातातील अंगठ्या, कडे, घड्याळ आधी उतरवून ठेवावे. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु दोन टोकांत सोन्याची अंगठी सापडली, तर ती क्षणात लाल होऊन बोट भाजून काढते.

पाणी घालावयाचे ते ऊर्ध्वपातित. नळाचे नव्हे, आणि आम्ल तर नव्हेच. जवळ जाड चष्मा व रबरी हातमोजे असावेत. डोळ्यात आम्ल गेले तर पापण्या उघड्या धरून किमान 20 मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी व मग लगेच डॉक्टरकडे न्यावे. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लावर टाकण्यासाठी उत्तम. डोळ्यात तो घालू नये. हल्लीच्या बंद बॅटऱ्यांना पाणी लागत नाही, म्हणून हे सर्व अनावश्यक आहे असे एक तरुण सभासद मला म्हणाले. पाणी लागत नाही हे बरोबर. पण आम्ल आतच असते, आणि वायूसाठी त्यांनाही छिद्र ठेवावे लागते.

आता जुन्या बॅटरीविषयी, कारण तेथे आपल्या व्यापारी बुद्धीची कसोटी आहे. दुकानदार जुनी बॅटरी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो; भंगारवाला दारात रोख देतो, कधी थोडे अधिकही. तो अधिक देऊ शकतो, कारण आम्ल गटारात ओतून शिसे उघड्या भट्टीवर वितळविणाऱ्यास शुद्धीकरणाचा खर्चच नसतो. शिसे 327 अंशांवर वितळते. साध्या भट्टीस तेवढे सहज जमते. त्याची धूळ मातीत बसते व रांगणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. सेनेगल देशात डकार शहराजवळ अशाच कामामुळे 2007-08 च्या काही महिन्यांत 18 बालके दगावली. जी जगतात, त्यांची बुद्धी खुंटते. पांडेसऱ्याच्या भाड्याच्या खोल्यांतून आपल्याच हमालांची, चालकांची, खानदेशातून आलेल्या गिरणी कामगारांची मुले वाढत आहेत. ती रोख रक्कम आपल्या वहीत जमेस दिसते. नावे मात्र दुसऱ्याच्या घरी पडते.

आपल्या देशात यासंबंधी 2001 पासून नियम आहेत. 2022 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या नियमांनी निरुपयोगी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि ती वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर. माझी सूचना अशी, की मंडळाने वर्षातून दोनदा सभासदांच्या जुन्या बॅटऱ्या एकत्र करून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पावती घेऊन द्याव्यात. एकेकट्याला भाव मिळत नाही, पण एकगठ्ठा मालास मिळतो, हे धान्याच्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे.