खिडक्या आवरा, मग मॉनिटर मागा!

खरं सांगा, आत्ता तुमच्या लॅपटॉपवर किती विंडो उघड्या आहेत? ब्राउझरमध्ये वीसेक टॅब, त्यामागे प्रोजेक्टचा रिपोर्ट, त्यामागे सरांनी पाठवलेली पीडीएफ, कोपऱ्यात व्हॉट्सॲप आणि कुठंतरी खाली वाजणारं गाणं. ते बंद करायचं तर सापडत नाही! पीडीएफमधली एक ओळ वाचायची, रिपोर्टवर यायचं, तोवर ती विसरायची, परत मागे जायचं. तासभर असं केलं की आपण म्हणतो, ‘स्क्रीनच लहान आहे यार.’

मीही हेच म्हणायचो. शेवटच्या वर्षाला घरी मोठा मॉनिटर मागितला. बाबांनी शांतपणे विचारलं, ‘आहे त्यात काय होत नाही?’ मला सांगताच आलं नाही. राग मात्र आला.

पण प्रश्न बरोबर होता. माझं स्पष्ट मत आहे की आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्क्रीन कमी पडत नाही, आपल्याला ती आवरता येत नाही. आणि आवरायला एक रुपयाही लागत नाही.

सुरुवात अशी करा. विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि डावा बाण दाबा. विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसेल. उरलेल्या अर्ध्यात दुसरी बसवा. पीडीएफ डावीकडे, रिपोर्ट उजवीकडे. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे! विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबा. अख्खा नवा, रिकामा डेस्कटॉप मिळेल. एकावर अभ्यास, दुसऱ्यावर टाइमपास. विंडोज आणि कंट्रोल दाबून बाण दाबला की इकडून तिकडे. यासाठी काही डाउनलोड करायचं नाही, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्येही हे चालायला हरकत नाही.

याहून जास्त हवंय? मायक्रोसॉफ्टचंच ‘पॉवरटॉईज’ फुकट आहे, ओपन सोर्सही आहे. त्यातल्या ‘फॅन्सीझोन्स’मध्ये स्क्रीनचे कप्पे आपल्या सोयीनं पाडता येतात. शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती कप्प्यात जाऊन बसते. एखादी विंडो कायम वर ठेवायची असेल तर त्यात ‘ऑलवेज ऑन टॉप’ आहे. लॅपटॉप जुना असेल तर नको ती टूल्स बंद करून ठेवता येतात. मॅकवाल्यांसाठी ‘रेक्टँगल’ आहे, तेही मोफत. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, त्यांच्याकडे ‘आय-थ्री’सारखे प्रोग्रॅम विंडो आपोआप शेजारीशेजारी लावून देतात.

गंमत म्हणजे १९८५ साली आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या विंडो एकमेकींवर चढायच्याच नाहीत. फरशांसारख्या शेजारीशेजारी बसायच्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर आल्या आणि आता आपण पुन्हा फरश्या लावायला शिकतोय!

आता जरा कडू बोलतो. ‘फुकट’ या शब्दाला आपण फार लवकर भुलतो. माझ्या रूम पार्टनरनं असंच एक पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून टाकलं. इन्स्टॉल करताना ते म्हणालं, अँटिव्हायरस बंद करा. यानं केला. दोन दिवसांनी एकही फाइल उघडेना. सबमिशन आठवड्यावर आलेलं आणि रिपोर्टची दुसरी कॉपी नव्हती. पुढचे सात दिवस आम्ही दोघांनी मिळून जुने मेल आणि वहीतल्या नोंदी चाळत तो पुन्हा लिहिला. विंडो नीट लावायच्या नादात त्याचं सेमिस्टर जाणार होतं.

म्हणून फुकट घ्याच, पण ज्यानं बनवलंय त्याच्याच पानावरून किंवा अधिकृत स्टोअरमधून घ्या. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारं काहीही तुमचं मित्र नाही. उघडपणे मोफत दिलेलं असताना चोरीचं कशाला हवं?

मान्य, व्हिडिओ एडिटिंग किंवा डिझाइन करणाऱ्यांना मोठी स्क्रीन खरंच लागते. त्यांनी जरूर मागावी. आणि अर्ध्या स्क्रीनवर अभ्यास, अर्ध्यावर रील्स लावलात तर कुठलंच टूल तुम्हाला वाचवणार नाही, हेही खरं.

पण बाकीच्यांनी आज रात्री एवढंच करून बघा. दोन विंडो, शेजारीशेजारी, आठ दिवस. त्यानंतरही अडलं तर घरी जाऊन मॉनिटर मागा. तेव्हा ‘आहे त्यात काय होत नाही?’ याचं उत्तर तरी तुमच्याकडे असेल. माझ्याकडे नव्हतं. मॉनिटर मी अजून घेतलेला नाही.