चिमणीतून निसटणारा एक टक्का

हॉस्टेलात थर्मलचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, कोळसा बंद करा, सोलर लावा. दुसरी म्हणते, कोळशाशिवाय देश चालत नाही, उगाच बोंबलू नका. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण या भांडणात एक प्रश्न कायम राहून जातो. कोळसा जळतोय तोवर त्याच्या राखेचं काय?

जून २०२५ मध्ये देशातल्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली. अभिमानाचीच गोष्ट आहे! पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत आजही निम्म्याहून बरीच जास्त वीज कोळशाचीच असते. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच आपले दिवे, पंखे, कॉम्प्युटर सुरू होतात. बॅटऱ्या येताहेत, पण रात्रभराचा भार पेलायला त्यांना अजून वेळ आहे. म्हणजे कोळसा उद्या सकाळी जाणार नाही, हे मान्य करू.

आता जरा हिशेब करू. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र आपल्या राज्यातलं मोठं केंद्र. तिथला ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट होतात. युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे ७८०० टन. त्यात ३५ टक्के राख धरली तर २७०० टन. यातली सुमारे ८० टक्के धुराबरोबर वर जायला निघते. तिला अडवतो तो इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे ईएसपी.

आपल्याकडे ९९ टक्के पडले की पेढे वाटतात. ईएसपीला ९९ टक्के पडले तर रोज सुमारे २२ टन राख लोकांच्या अंगावर जाते. ९९.९ पडले तर २ टन. दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यात दहापट फरक!

आणि खरी गोम पुढेच आहे. ईएसपीचं एखादं फील्ड बंद पडलं तरी मेगावॅट कमी होत नाहीत. मीटर तेच दाखवतो, म्हणून दुरुस्तीची घाई कुणालाच नसते. बॉयलरची ट्यूब फुटली की मात्र धावपळ. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत घातलं होतं. खाणी आणि इतर कारखानेही त्याला जबाबदार आहेत, पण श्वास घेणाऱ्याला त्याचं काय?

गंधकवायूचंही तेच. डिसेंबर २०१५ मध्ये कडक निकष आले, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना ते यंत्र बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हा युक्तिवाद ऐकून घेऊ. पण ‘कोळसा जाणारच आहे, मग खर्च कशाला’ हे पटत नाही. केंद्र २५-३० वर्षं चालतं. तेवढ्यात तिथलं पोर जन्माला येऊन इंजिनिअरसुद्धा होतं.

म्हणून सोलरवाले असा की थर्मलवाले, एक मागणी दोघांनी मिळून करायला हवी: जोवर जाळताय, तोवर नीट गाळा. इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तर टर्बाइनसमोर फोटो जरूर काढा. पण निघताना एवढंच विचारा, ‘सर, आज ईएसपीची किती फील्ड बंद आहेत?’