नेमाला औषधाची जोड

आज आषाढी एकादशी. आळंदी आणि देहूहून निघालेल्या पालख्या पंढरपुरात पोचल्या आहेत, चंद्रभागेच्या वाळवंटात पाऊल ठेवायला जागा नाही, आणि ज्यांना वारी घडली नाही त्यांच्या घरांतही वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी शिजते आहे. आजपासून देव निद्रिस्त होतात ते कार्तिकी एकादशीला जागे होतात, या श्रद्धेच्या आधाराने आपल्या पूर्वजांनी पावसाळ्याचे हे चार महिने नेमधर्मासाठी राखून ठेवले. काही सोडायचे, काही धरायचे. परवा कांदेनवमीला भजी, भरीत, थालीपीठ मनसोक्त झाले. आता कांदा, लसूण, वांगे कार्तिकीनंतरच. कुणी एकभुक्त राहील, कुणी पोथी लावील, कुणी मौनाने जेवेल, आणि एरवी नेमाधर्माच्या वाटेला न जाणारेही श्रावणभर दारूला आणि सामिषाला शिवणार नाहीत. दरवर्षी ठरल्या तिथीला एखादी आवडती गोष्ट आपणहून बाजूला ठेवण्याची ही तालीम आपल्या हाडीमासी भिनलेली आहे, आणि ती फार मोलाची आहे.

या यादीत तंबाखू मात्र सहसा नसते. उपासाला कोथिंबीर चालते की नाही, सैंधव घ्यावे की साधे मीठ, यावर घरोघर खल होतो. तंबाखूने उपास मोडत नाही, हे मात्र सर्वांनी न बोलता मान्य करून टाकलेले आहे. कडक एकादशी करणाऱ्याच्या खिशातही चुन्याची डबी असते, आणि फराळ व्हायच्या आत कुणी अंगणाच्या कडेला जाऊन विडी ओढून येतो. २०१६-१७ साली देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. म्हणजे चौघांत एकाहून अधिक. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांच्याही आत. बाकीचा सारा भार मळलेल्या तंबाखूचा आणि मिश्रीचा. रूप कोणतेही असो, माणसाला बांधून ठेवणारे द्रव्य एकच आहे, निकोटिन. म्हणून यंदाच्या चातुर्मासात तंबाखू सोडण्याचा नेम कुणी धरणार असेल, तर त्या नेमाला औषधाची जोड द्यावी, एवढीच विनंती आज आपण एकमेकांना करू या.

नेमाला औषध कशाला, असा प्रश्न मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. श्रावण पाळणारा माणूस महिनाभर मटणाकडे पाहत नाही, त्यासाठी त्याला गोळी लागत नाही. मग तोच माणूस तंबाखूपुढे तिसऱ्या दिवशी का हरतो? हरला की तो स्वतःला बोल लावतो, घरचेही लावतात, आणि मनाचा निग्रह कमी पडला असा निकाल लागून प्रकरण मिटते. हा निकाल अन्यायाचा आहे. विडीचा झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते आणि तिथल्या विशिष्ट पेशींना चेतवून सुखाची लहर उठवते. वर्षानुवर्षे हे घडत राहिले की मेंदू त्या द्रव्याला धरूनच आपली घडी बसवतो. निकोटिनला प्रतिसाद देणारी केंद्रे त्याच्यात वाढतात आणि ती रिकामी राहिली की बंड करतात. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. रात्रभराच्या झोपेनंतर ते जवळजवळ संपलेले असते, आणि म्हणून दिवसाची पहिली विडी सर्वांत जिवाची वाटते. उठल्यापासून किती वेळात पहिली विडी लागते, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्यामुळेच असतो. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर बंधन घट्ट आहे असे ते धरून चालतात आणि औषधाची मात्रा त्यानुसार ठरवतात.

सोडल्यानंतर काय होते, हे घरातल्या सर्वांना आधी ठाऊक असायला हवे. काही तासांतच अस्वस्थता सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड. चिडचिड, उदासी, कशात लक्ष न लागणे, झोपेचा बोजवारा, सारखी भूक, तोंडात फोड; आणि विडीशिवाय पोट साफ होत नाही, ही जी तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो तीही खरीच, कारण निकोटिन थांबले की आतड्यांची चाल काही काळ मंदावते. यातले बहुतेक सारे तीन-चार आठवड्यांत ओसरते. पण ते तीन-चार आठवडे घरात राहणाऱ्यांनाही सोसावे लागतात, आणि तिथे पुष्कळदा घात होतो. ‘सोडल्यापासून नुसता अंगावर येतोस, त्यापेक्षा ओढ बाबा एकदाची,’ असे प्रेमाच्या माणसाच्याच तोंडून निघते. त्या शब्दांत त्रासाइतकीच मायाही असते, हे खरे. तरीही ते गिळावेत. ही चिडचिड स्वभावातून आलेली नसते, तापात बरळणाऱ्याचे बोलणे जसे आपण मनावर घेत नाही तसेच हेही घेऊ नये. तलफेची एकेक लाट काही मिनिटेच टिकते. तेवढ्या वेळात पाण्याचा तांब्या पुढे करणे, चार पावले सोबत चालणे, नातवाला मांडीवर देणे, एवढे घराने केले तरी लाट उतरते.

आणखी एक बारकावा सांगायला हवा, कारण तो दवाखान्यातही अनेकदा सांगायचा राहून जातो. तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफिन झपाट्याने निकालात काढत असते. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो, आणि नेहमीचेच चार कप चहा एकाएकी जास्त चढू लागतात. छातीत धडधड, हातांना कंप, रात्री टक्क जाग. बिचारा माणूस समजतो की हा सारा विडी सोडल्याचाच त्रास. चहा निम्म्यावर आणला तरी बराच आराम पडतो. दमा किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांचेही असेच होते, म्हणून ती चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगणे आवश्यकच.

आता औषधाविषयी. निकोटिनच्या च्युइंगमची गोष्ट स्वीडनमधली आहे. लुंड विद्यापीठातल्या क्लास लुंडग्रेन या संशोधकाने १९६०च्या दशकात पाहिले, की पाणबुडीवरचे खलाशी सिगारेट ओढता येत नाही तेव्हा तंबाखू तोंडात धरतात आणि त्यावर त्यांचे भागते. त्याने हे ओव्हे फेर्नो या औषध-रसायनज्ञाला कळवले, आणि त्यातून धुराशिवाय, तंबाखूशिवाय, नुसते निकोटिन थोडे थोडे देणारा गम पुढे आला. तत्त्व साधे आहे. जीव घेतात ते धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर, तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्ये. ती आजच थांबवायची, आणि मेंदूला सवयीचे झालेले निकोटिन तेवढे मोजून, हळूहळू कमी करत जायचे. एक व्यसन सोडायला त्याचीच मात्रा घेण्यात कसला नेम, असे म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. गममधून किंवा कातडीवर लावायच्या पट्टीतून निकोटिन इतके सावकाश रक्तात उतरते, की झुरक्याची ती लहर उठतच नाही. फक्त तलफेची धार बोथट होते.

या उपचाराचा काळ आणि आपला चातुर्मास यांचे माप विलक्षण जुळते. दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्याला साधारणपणे २१ मिलिग्रॅमची पट्टी सहा आठवडे, मग १४ ची दोन आठवडे, मग ७ ची दोन आठवडे अशी उतरंड देतात. आज पहिली पट्टी लावली तर मोठी पट्टी गोकुळाष्टमीच्या सुमारास सुटते, मधली गौरींच्या आगमनापर्यंत पुरते आणि धाकटी पितृपंधरवड्यात संपते. गमचा क्रम बारा आठवड्यांचा, म्हणजे दसऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते आणि तीही बारा आठवडेच घ्यायची असते. मात्र ती सुरू केल्यावर साधारण आठवड्याने तंबाखू सोडायची. आज पहिली गोळी घेणाऱ्याचा सोडण्याचा दिवस संकष्टीच्या आसपास येईल. तिने मळमळते, स्वप्ने फार स्पष्ट पडतात. मनावर तिचा वाईट परिणाम होतो अशी भीती एके काळी होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीत त्या भीतीला आधार सापडला नाही. ब्युप्रोपिऑन हे तिसरे औषध फिट येणाऱ्यांना चालत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी यातले काहीही आपल्या मनाने घेऊ नये.

गमचे तंत्र थोडे समजून घ्यावे लागते. तो साध्या च्युइंगमसारखा सपासप चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, जळजळते, आणि माणूस दुसऱ्या दिवशी पाकीट फेकून देतो. हळू चावायचा, तोंडात चुणचुण वाटली की गाल आणि हिरडी यांच्या मध्ये धरून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी, सरबत नको. बार भरून गालात धरण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे शिकवायला वेळ लागत नाही. २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो.

कसल्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी वर्षाअखेरी तीन ते पाचच तंबाखूमुक्त राहतात. त्या तीन-पाचांना आपण नमस्कार करू, पण उरलेल्या पंचाण्णवांना दुबळे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. निकोटिनच्या औषधांनी यशाची शक्यता दीडपटीने, व्हॅरेनिक्लिनने दुपटीहूनही अधिक वाढते, आणि समुपदेशनाची जोड मिळाली तर आणखी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात ही सारी औषधे आहेत. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचा हा पर्यायी उपचार २०२२ मध्ये आला. अत्यावश्यक म्हणून जे औषध यादीत आहे, ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही हाताला लागले पाहिजे, हे मागणे आपण सातत्याने करत राहायला हवे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक तर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पाकीट रोज हातात घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो कधी फिरवला असेल?

मिश्री लावणाऱ्या स्त्रियांची आठवण इथे विशेष करायला हवी. भाजलेली तंबाखू दाताला लावणे म्हणजे व्यसन असे त्यांना कुणी सांगितलेले नसते. माहेरी आजी लावत होती, सासरी सासू लावते. उपवास आणि व्रते घरात सर्वांत निष्ठेने त्याच पाळतात, आणि दवाखान्यात गेल्या तरी तंबाखूचा प्रश्न त्यांना विचारला जात नाही, कारण तो पुरुषांना विचारायचा प्रश्न समजला जातो. पोटातल्या बाळाचे वजन त्यामुळे कमी भरते, हे गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत मावशींनी, ताईंनी जवळ बसून, न रागावता सांगितले तर त्या ऐकतात. बाळासाठी तर नक्कीच ऐकतात.

वय झाले, आता सोडून काय उपयोग, हा विचारही मनातून काढावा. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा आणि आयुर्मानाचा पाठपुरावा रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे केला. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही त्यात सरासरी तीन वर्षे मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, चाळिशीत नऊ. तीन वर्षांत नातीचे बारसे होते, ती बोलू लागते, शाळेत जाऊ लागते.

चातुर्मासात चुकून कांद्याची फोडणी पोटात गेली म्हणून आपण नेम टाकून देत नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाळतो. तंबाखूच्या बाबतीत मात्र एक विडी ओढली की सारे बुडाले असे मानून माणूस पाकीट विकत आणतो. डॉक्टर या घसरणीला उपचाराचाच भाग मानतात. औषध चालू ठेवावे, ती विडी कुठे, कुणाच्या सोबतीने, कोणत्या प्रसंगी ओढली गेली ते त्यांना सांगावे, म्हणजे मात्रा बदलता येते, प्रसंग टाळता येतो. कांदा-वांगे कार्तिकीनंतर पुन्हा ताटात येईल. तंबाखू यायची नाही. आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई सुरू होते. जेवणानंतर पानाचे तबक फिरते, मांडवामागे जुने मित्र जमतात, ‘आजच्या दिवस घे’ म्हणणारा कुणी तरी भेटतोच, आणि चार महिने निमालेली तलफ एकदम डोके वर काढते. औषध तोवर थांबलेले असते. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यातली डॉक्टरांची एक भेट आजच ठरवून ठेवावी, आणि यजमानांनी यंदाच्या तबकात सुपारी, बडीशेप, वेलदोडे ठेवावेत, तंबाखू ठेवू नये.